कालचं ऊन

तार्सूसमध्ये गच्चीवर गेलात तर हेच दिसेल:
जिकडेतिकडे दोन-दोन पिंपं, एकाच्या डोक्यावर एक,
पुढ्यात काचेचं तिरकं तावदान, तोंड दक्षिणेला.
सगळं गाव जणू एकाच दिशेला तोंड करून
शेकत बसलेलं.

दोंदूबाई महिन्यातून दोनदा शिडी चढते,
खांद्यावर फडकं, हातात सिरक्याच्या पाण्याची बाटली.
काचेवर वाळवंटातून आलेली तांबूस धूळ,
कबुतरांचे हिशेब.
पुसता पुसता पुटपुटते
आणि उतरताना दर वेळी म्हणते, हे शेवटचं.

पंप नाही, मोटर नाही.
बसवायला आलेला जेवदेत मिस्त्री
चहा पिता पिता एवढंच सांगून गेला होता:
“काचेतून ऊन आत येतं, काळा पत्रा ते धरून ठेवतो.
नळीतलं पाणी तापलं की हलकं होतं, बाई,
हलकं झालं की वर पिंपात जातं.
गार असतं ते जड. ते आपणहून खाली उतरतं,
मग त्याची पाळी.
तुम्ही फक्त काच पुसा. मध्ये पडू नका.”

दोंदू म्हणजे ‘वळली’.
चौथीही मुलगीच झाली तेव्हा बापाने ठेवलेलं नाव:
आता तरी दैव मुलग्याकडे वळू दे.
आपल्याकडे नकुशी ठेवतात, त्यातलाच प्रकार.
दैव वळलं नाही. पाचवी आली.
“माझ्यापेक्षा हे पाणी गुणाचं,” ती म्हणते,
“दिवसभर वळत राहतं, कुणी नाव न ठेवता.”

वर तोरोसच्या डोंगरात, तिच्या माहेरी,
आठवड्याला एकदा चुलीवर एक हंडा चढायचा.
पाच बहिणी, एक हंडा,
काटक्या ज्यांनी वाहिल्या त्यांच्याच पाठी आधी भिजायच्या असं नाही.
थोरलीला कढत. चौथीला कोमट.
पाचवी रडायची.

मग लग्न, शहर, विजेचा गीझर.
बिल आलं की हायरी ते खिडकीपाशी नेऊन वाचायचा,
कुणी अपमानाचं पत्र धाडावं तसं,
आणि घरातल्या सगळ्यांच्या आंघोळी मोजायचा.
आता एप्रिलपासून दिवाळी उलटेपर्यंत
(ही मोजणी माझी, तिची नव्हे)
त्या बटणाला कुणी शिवत नाही.
गीझरच्या कोपऱ्यात कोळ्याने संसार थाटलाय.
ढगाळ हिवाळ्यात लागतं बटण, ती कबूल करते,
पण उसनं मागितल्यासारखं दाबते आणि लगेच बंद करते.

मी तिला सांगितलं,
आमच्या भाषेत ऊन म्हणजे आभाळातलं
आणि ऊन म्हणजे बादलीतलंही.
ऊन पडतं, ऊन पाणी, ऊन-ऊन भात.
ती हसली. “मग तुमच्या लोकांना हे यंत्र
कुणी समजावून सांगावं लागलं नसेल.”

हायरी गेला तो जानेवारीत.
रात्री वाऱ्याने तारा तोडल्या, सगळी आळी काळोखात.
पहाटे प्रश्न आला: शेवटच्या आंघोळीचं पाणी तापवायचं कशावर?
सिलिंडर संपलेला.
शेजारच्यांनी लाकडं शोधली, ती भिजलेली.
दोंदूने न बोलता नळ सोडला.

आदल्या दिवशी लख्ख पडलं होतं.
त्याच उन्हात पायरीवर बसून
त्याने एक संत्रं सोललं होतं, अर्धं तिला दिलं होतं.
पिंपाने लोकरीच्या पांघरुणाआड
ती दुपार रात्रभर तशीच सांभाळली होती.

तिने बादलीत हात घातला, विसण घातलं,
पुन्हा हात घालून पाहिला.
त्याला कढत चालत नसे.
पुरुष बादल्या उचलून आत घेऊन गेले,
एक, दोन, तीन.
चौथी कोमट निघाली.
ती तिने स्वतःसाठी ठेवली.